पोच नको, जहाज वळू दे

नाहूर,
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

प्रिय दत्ता,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच लिहिते: आम्ही बऱ्या आहोत. रुचिरा बरी आहे, आणि गुडघे सोडले तर मीही बरी आहे. आता तू म्हणशील, हातात मोबाईल असताना ही बाई स्पीड पोस्टच्या रांगेत कशाला उभी राहिली? त्याला कारण आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे. भाषणात मुद्दा शेवटी काढायची माझी खोड तुला माहीत आहे. आधी माणसं तापवायची, मग हाणायचं. तेव्हा पान उलटून शेवट वाचू नकोस. नारळाच्या सावलीत खुर्ची टाक. नको, नारळाखाली नको, या दिवसांत काहीही डोक्यात पडतं. ओटीवर बस आणि सावकाश वाच.

गुरुवारी संध्याकाळी रुचिराने तुला फोन केला होता. त्या फोनची तिने दिवसभर मनात उजळणी केली होती. ऑफिसातून आली ती चपलाही न काढता सोफ्यावर बसली, फोन स्पीकरवर टाकला आणि एका दमात तुला सांगितलं, की दोन वर्षं राबून तिने जे बनवलंय ते नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पाहिलं, त्यांना ते आवडलं, आणि काही मित्रदेशांच्या नौदलांबरोबर पुढे जो संयुक्त सराव आहे, त्यात ते एका जहाजावर चालवून बघणार आहेत. चालवायला तीच जाणार. दत्तारामची मुलगी, जहाजावर! मी स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून उभी, तुझी आरोळी ऐकायला. तू म्हणालास, "बरं." मग म्हणालास, "जेवलीस का?" आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून पोरगी ते "बरं" चघळत बसली आहे. "आत्या, बाबांना पटलेलं नाही," म्हणते. "ज्या माणसाने आपलं जहाज कुठे चाललंय ते आईलासुद्धा कधी सांगितलं नाही, त्याची मुलगी परक्या देशांना माहिती पोचवायचं यंत्र बनवते. ते दुसरं काय बोलणार?" महिनाअखेरपर्यंत तिला होकार कळवायचा आहे, आणि तिने जवळजवळ ठरवलंय, तुझ्या मनाविरुद्ध जहाजावर पाय ठेवायचा नाही. साहेबांना सांगायचं, दुसऱ्या कुणाला पाठवा. मी म्हटलं, अगं बये, तुझ्या बापाच्या मनाविरुद्ध मी जन्मभर बोलत आले, काही बिघडलं का त्याचं? हसली नाही. तुझ्यावर गेली आहे. ठरवलं की ठरवलं.

दत्ता, तुला माझी मतं माहीत आहेत. युद्धाविरुद्ध मी भांडुपच्या नाक्यावर बोलले, मुलुंडच्या सभागृहात बोलले, माईक बंद पाडला तेव्हा बिनमाईकची बोलले, आणि श्वास आहे तोवर बोलणार. माहिती दडवून ठेवणारी सत्ता ही घाबरलेली सत्ता असते, यातलं तर मी अजूनही एक अक्षर मागे घेत नाही. आणि तू? सुट्टीवर आलास की माझं सगळं ऐकून घ्यायचास, आणि भात कालवता कालवता म्हणायचास, "ताई, ज्याला लागत नाही त्याला कशाला सांगायचं?" एवढंच. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणावर तुझा एक घास. मला वाटायचं दोघांपैकी एक जण चुकतोय, आणि तो मी नक्कीच नाही. आपण भांडत राहिलो, आणि पोरगी पाटावर बसून दोघांचंही ऐकत राहिली. ती जे बनवते ते मला समजल्यावर मी चकित झाले, कारण त्यात आपण दोघंही आहोत.

तू नौदलात जन्मभर बिनतारी संदेश घेतलेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. चार देशांची जहाजं एका कामासाठी एकत्र येतात. चाचे पकडायचे असतील, वादळातून माणसं काढायची असतील. मित्र असले तरी कुणी आपली तिजोरी उघडी टाकून येत नाही. आपलं रडार किती लांबचं बघतं, आपली पाणबुडी कुठे आहे, हे मित्रालाही सांगायचं नसतं. म्हणून कुणाला काय द्यायचं ते निघण्याआधीच ठरवून कुलूप लावतात. पण समुद्रावर गोष्टी बदलतात, आणि कुलपाची किल्ली लांबच्या कुठल्या तरी कचेरीत. परवानगी येईपर्यंत बुडणारा बुडतो. रुचिराच्या यंत्रणेत दार प्रसंग पाहून किलकिलं होतं. जिवाचा प्रश्न आला, तर लागेल तेवढीच माहिती, लागेल त्याच साथीदाराला, काम होईपर्यंतच. आणि ती कुठून कळली हे झाकून. संपर्क क्षीण झाला तर महत्त्वाचं आधी, बाकीचं मागाहून. एक वाट बंद पडली तर दुसरी. मी म्हटलं, जहाजं समुद्रात असूच नयेत हे माझं मत कायम. पण असणारच असतील, तर निदान ती एकमेकांना मुकी असू नयेत. यावर मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहीन.

आणि खरंच उभी राहिले रे! म्हणजे बसले. नौदलाला दाखवायच्या आधी अंधेरीच्या त्यांच्या ऑफिसात एक तालीम होती. तिथले साहेब राजेश, सज्जन माणूस, पण डोक्याला हात लावून बसले होते. त्यांच्या इंजिनियर पोरांना चार खोल्यांत चार देश करून बसवलं, तर पोरं एकमेकांना सगळंच सांगायला लागली. एका डब्यात जेवणारी पोरं ती, लपवणार काय? यंत्रणेची परीक्षाच होईना. राजेश म्हणाले, मला अशी माणसं हवीत ज्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, पण ज्यांना एकत्र काम केल्याशिवाय गत्यंतर नाही. रुचिरा म्हणाली, "सर, अशी माणसं माझ्या आत्याच्या बिल्डिंगमध्ये आहेत."

आमच्या श्रमसाफल्य सोसायटीचं पुनर्विकासाचं रामायण तुला ठाऊक आहेच. चार विंगा, एक बिल्डर, आणि ए विंगने बिल्डरशी काय बोलणं केलं ते डी विंगला बिल्डरच्या ड्रायव्हरकडून कळतं. तर अशी आमची समिती एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसून अंधेरीला निघाली. ए विंगचे हर्षदभाई, बी विंगची मी, सी विंगचे भाऊ राणे आणि डी विंगची अनुपमा, जिची जीभ माझ्यापेक्षा धारदार आहे हे मी फक्त तुला सांगते. पवईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. मग हर्षदभाईंनी ढोकळ्याचा डबा उघडला आणि अनुपमा म्हणाली, "घ्या, पहिल्यांदाच ए विंगने काहीतरी उघड केलं."

राजेशनी आम्हाला काम समजावलं. वादळात एक मालवाहू बोट भरकटली आहे, वर खलाशी आहेत. चौघांनी, म्हणजे चार देशांच्या चार जहाजांनी, मिळून शोधायची. ती बोट, ते वादळ, सगळं पडद्यावरचं, पण दत्ता, तुला सांगते, बसल्यावर ते खरंच वाटायला लागलं. प्रत्येकाच्या खोलीत एक पडदा, आणि प्रत्येकाला थोडी थोडी माहिती, त्यातली काही गुप्त. सुरुवात झाली आणि पहिला निरोप आला हर्षदभाईंचा: "पहिले तुम्ही सांगा, मग आम्ही बघू." अनुपमाने कळवलं, "आधी पार्किंगचं काय ठरलं ते सांगा." राजेश काचेपलीकडून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की बस्स. नंतर मला म्हणाले, "मॅडम, इतका अस्सल अविश्वास आम्हाला कुठेच मिळाला नसता."

मग मला बोटीचा तुटलेला तराफा दिसला. सगळ्यांना कळवायचा होता. त्या पडद्यावर चौकटी होत्या, कुठे, काय, कधी अशा. आता मी काय चौकटीत मावणारी बाई आहे का? मी सगळ्यात खालची "इतर" म्हणून मोठी जागा होती ती पकडली आणि लिहायला घेतलं. "मित्रहो, आज आपण ज्या निर्णायक वळणावर उभे आहोत" इथून सुरुवात. माणुसकी आली, दर्यावर्दी परंपरा आली, आणि तराफा कुठे आहे ते अगदी शेवटी, टाळ्या घ्यायच्या जागी. नेमका त्याच वेळी रुचिराने मुद्दाम संपर्क बारीक केला. बाकी तिघांच्या पडद्यावर काय पोचलं? "मित्रहो, आज आपण ज्या निर्णायक". पुढे काही नाही. भिंतीपलीकडून अनुपमाचं हसणं मला ऐकू येत होतं. मग माझ्या पडद्यावर यंत्रणेने एकच शब्द टाकला: "ठिकाण?" मी निमूटपणे ठिकाण लिहिलं. इतकं लहान भाषण मी जन्मात केलं नाही. आणि तेच सगळ्यांपर्यंत पोचलं.

त्यानंतर हर्षदभाईंची पाळी. बोट नेमकी कुठे आहे हे त्यांच्या पाणबुडीला ठाऊक होतं, आणि पाणबुडी गुप्त. यंत्रणेने त्यांना विचारलं, जिवाचा प्रश्न आहे, बोटीची जागा तेवढी देऊ का? कुठून कळलं ते सांगणार नाही. हर्षदभाई चहा अर्धवट ठेवून उठले, म्हणे खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि बटण दाबलं. बाहेर आल्यावर लहान मुलासारखे सांगत होते, "वसुधाबेन, आपण दिलं, पण कुठून ते नाय सांगितलं! असं असतं तर आपण सोसायटीत पण देऊ ना!" आणि परवा खरंच दिलं. बिल्डरने ए विंगला कबूल केलेला आकडा कागदावर लिहून माझ्या हातात ठेवला. कुणी सांगितला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. झकास चाललंय आमचं.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे ती गोष्ट भाऊ राण्यांची. बोटीची जागा कळली, आता चारही जहाजांनी तिकडे वळायचं. सर्वांत जवळ होते भाऊ. त्यांना निरोप गेला, आणि लगेच पोच आली, "मिळालं." दुसरा गेला, "मिळालं." तिसरा, "मिळालं." पण पडद्यावर भाऊंचं जहाज सरळच चाललेलं! अनुपमा भिंतीपलीकडून ओरडली, "बघा, सी विंग नेहमीसारखी, सगळ्याला हो म्हणायचं आणि करायचं काही नाही." मलाही तेच वाटलं. सभेत समोर बसून मान डोलावणारी आणि मत विरोधात टाकणारी माणसं मी काय कमी पाहिली? पण यंत्रणेला तसं वाटलं नाही. रुचिराने तिला शिकवून ठेवलं होतं, की ज्याची पोच झटपट येते पण ज्याचं जहाज वळत नाही, तो विरोधात आहे असं धरायचं नाही. त्याच्याकडे काही पोचतच नाही असं धरायचं, आणि दुसऱ्या वाटेने पाठवायचं. निरोप अनुपमाच्या खोलीत वळला आणि तिच्या पडद्यावर आलं, भाऊंना तोंडी कळवा. तिने दार उघडून बोंब मारली, "भाऊ, डावीकडे वळवा, डावीकडे!" भाऊंच्या पडद्याची वायर सुटली होती रे. बिचारे मघापासून कोऱ्या काचेपुढे बसून, टिंग वाजली की पोचेचं बटण दाबत होते. विचारलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "माका वाटलां, सगळ्यांकाच कोरां दिसतां! मीच कशाक विचारू?"

भाऊंचं जहाज वळलं, पडद्यावरचे खलाशी पडद्यावर वाचले, आणि आम्ही चौघं खरीखुरी माणसं एकमेकांना टाळ्या देत नाचलो. येताना टेम्पोत अनुपमा भाऊंच्या शेजारी बसली होती. उरलेला ढोकळा तिने त्यांनाच दिला.

परतल्यावर मी रुचिराला विचारलं, हे तुला सुचलं कुठून? पोच म्हणजे पोचलं असं नव्हे, आणि महत्त्वाचं आधी, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी इतकं वाचते, मला नाही सापडलं. ती म्हणाली, "बाबांच्या फोनवर." लहानपणी ती आईच्या, माणिकच्या मांडीत बसायची आणि तुझा कुठल्याशा बंदरावरून फोन यायचा. खरखर, मधेच तुटणार हे ठरलेलं. म्हणून तू "हॅलो"सुद्धा म्हणायचा नाहीस. पहिलं वाक्य "मी बरा आहे." मग "तुम्ही बऱ्या ना?" मग बाकीचं, जमेल तेवढं. "आत्या, फोन कितीदा तरी तुटला," ती म्हणाली, "पण बाबा बरे आहेत हे कळलं नाही असं एकदाही झालं नाही." दत्ता, मी हे पत्र कशाने सुरू केलं ते वर बघ. आपल्या घरात सगळ्यांना तूच शिकवलंस.

तुझ्या "मी बरा आहे"चं एक गुपित मात्र तिला माहीत नाही. जहाजाच्या शिडीवरून पडून तुझ्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तेव्हाही आईला तू "बरा आहे" असंच सांगितलंस. मग मला वेगळा फोन केलास, "ताई, खांदा गेलाय, आईला आणि माणिकला कळू देऊ नकोस, पण बरं व्हायला वेळ लागला तर तू सांभाळून घे." आईला लागेल तेवढं आईला, मला लागेल तेवढं मला. तेव्हा मी रागावले होते, म्हटलं हे काय लपवालपवीचं घर आहे? आज वाटतं, पोरीच्या यंत्रणेचा तो पहिला आराखडा होता. आणि लक्षात ठेव, मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी बोलते खूप, पण माझ्याकडे ठेवलेलं बाहेर जात नाही.

आता मुद्द्यावर येते. गुरुवारचं तुझं "बरं" मीही दोन दिवस चघळलं, आणि शनिवारी भाजी निवडताना मला भाऊ राणे आठवले, कोऱ्या काचेपुढे बटण दाबणारे. मग एकेक गोष्ट समोर आली. गणपतीत मी तुला विचारलं, चहात आलं घालू की वेलची, तू म्हणालास, "बरं." आरतीत तुझी झांज सगळ्यांच्या एक ओळ मागे चालली होती आणि मी सगळ्यांसमोर तुझी थट्टा केली. तू हसलास, कारण सगळे हसत होते. हल्ली तू फोन उचलतोस, "मी बरा आहे" म्हणतोस, "जेवलात का" विचारतोस आणि आमचं पुढचं वाक्य यायच्या आत ठेवून देतोस. दत्ता, तू तिच्यावर रागावलेला नाहीस. तुला ऐकू येत नाहीये. ज्या कानांनी तू वादळातून संदेश टिपलेस, ते दमलेत, आणि हे कुणाला कळू नये म्हणून तू पोच देत बसला आहेस. म्हणून हे पत्र. एक वाट बारीक झाली की दुसरीने पाठवायचं, हे तुझ्याच मुलीने मला शिकवलं. रुचिराला मी एवढंच सांगितलंय की उत्तर द्यायची घाई करू नकोस. का, ते सांगितलेलं नाही. ते दार तुझं आहे, तू उघड. मुलुंडला कानांचे एक चांगले डॉक्टर आहेत, या नाही, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची वेळ मी माझ्या नावावर घेतली आहे, ती तुझ्या नावावर करायला मला एक फोन पुरेल. आता पुन्हा वाच, आणि या वेळी शांतपणे वाच, कारण गुरुवारी हे तुझ्यापर्यंत आलंच नव्हतं: तुझी मुलगी जहाजावर जाते आहे. तुझ्याकडून शिकलेली गोष्ट ती चार देशांना शिकवणार आहे. आता मार आरोळी. मला इथून ऐकू येईल. पण "पत्र मिळालं, बरं आहे" असं कळवू नकोस. पोच नको मला. त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, नाहूर स्टेशनच्या पुलाखाली मी उभी असेन. तुझं जहाज इकडे वळलेलं दिसू दे.

तुझीच,
तुझी दोन्ही गुपितं सांभाळणारी,
ताई